संस्था कार्यवाहांच्या पिशवीतून कपाटात कशी आणायची?

सातरस्ता

नमस्कार मंडळी. सोलापुरात रुग्णोपयोगी साहित्य देणारी संस्था आहे. वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, फावलर कॉट (डोकं-पाय वर करता येणारी खाट), एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळून १२० नग. सोसायटी आणि ट्रस्ट अशा दोन्ही नोंदण्या आहेत, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी आहे. वार्षिक जमा साधारण साडेसहा लाख. कार्यकारिणी कागदावर ११ जणांची, नियमित येणारे कार्यकर्ते ९.

अडचण अशी की सगळी संस्था कार्यवाहांच्या एका कापडी पिशवीत आहे. चेकबुक, शिक्का, इतिवृत्ताची वही, पावती पुस्तकं, कपाटाच्या किल्ल्या. ओटीपी येतो तो मोबाइलही त्यांच्याच खिशात. वय ७१, येत्या मार्चनंतर थांबणार म्हणतात. नवा कार्यवाह मिळेल. पण संस्था या पिशवीतून त्या पिशवीत जायला नको. कोणत्या क्रमाने काय करावं? अनुभवकथन नको, कामाचं सांगा.

जमाखर्च

नवा माणूस शोधणं नंतर. आधी पिशवी टेबलावर उलटी करा. कार्यकारिणीतले दोघं, एक वही, दोन तास. निघालेल्या प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने भरा: काय आहे, मूळ आहे की झेरॉक्स, मुदत कधी संपते, हरवलं तर नवं कुठून मिळेल.

सापडायला हवं ते असं: सोसायटी नोंदणीचं प्रमाणपत्र, ट्रस्ट नोंदणीचं प्रमाणपत्र (एफ नंबर असलेलं), घटनेची शिक्क्याची प्रत, परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या विश्वस्तांची नावं असलेला), पॅन, १२ए आणि ८०जीचे आदेश, आजवरच्या चेंज रिपोर्टांचे (बदल कळवणाऱ्या अर्जांचे) आदेश, ऑडिट रिपोर्ट, जागेचा करार.

यातला परिशिष्ट एकचा उतारा आधी वाचा. लेटरहेडवर ११ नावं, उताऱ्यावर त्यातली तीनच, आणि त्या तिघांतले एक वारलेले, हे सर्रास निघतं. निवडणूक होते, पेढे वाटले जातात, चेंज रिपोर्ट राहून जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, मिळकत आली किंवा गेली, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. उशीर झाला तर सोबत विलंब माफीचा अर्ज.

एक बदल राहिला की पुढचेही अडकतात. ज्या कार्यकारिणीची नोंदच नाही, तिने बोलावलेल्या सभेतली पुढची निवडही वादात येते. म्हणून राहिलेले बदल जुन्यापासून क्रमाने दाखल करावे लागतात. प्रत्येकासोबत सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, हजेरी, इतिवृत्ताची प्रत, जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचा दाखला, येणाऱ्यांची संमतीपत्रं. नोटीस मिळाल्याच्या सह्या नसतात हा नेहमीचा खड्डा. आजचे कार्यवाह हयात आहेत, त्यांना आठवतंय, तोवर हे करून घ्या. मार्चनंतर तेच काम तिप्पट अवघड होईल.

बिनपगारी

काय सांगता मालक, आमच्याकडे तर पिशवीच सापडेना असं म्हणणारे दहा निघतील इथे.

रजिस्टर

जमाखर्च यांनी विश्वस्तांचं सांगितलं. त्याच्या आधीचा प्रश्न: सभासद कोण? संस्थेतली भांडणं बाहेरून तत्त्वाची दिसतात, पण कोर्टात गेल्यावर पहिला मुद्दा मतदार यादीचा निघतो.

सभासद नोंदवही पानांवर नंबर घातलेली ठेवा. प्रत्येक नावापुढे प्रवेशाची तारीख, कोणत्या ठरावाने घेतलं, वर्गणीची पावती क्रमांक आणि तारीख. सोसायटी नोंदणी कायदा १८६० च्या कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर त्या सभासदाला मत देता येत नाही, सभासद म्हणून मोजताही येत नाही. म्हणजे वर्गणी शंभर रुपयेच असली तरी ती वेळेवर घेणं हा हिशेबापेक्षा मताधिकाराचा प्रश्न. आणि निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एकदम चाळीस जणांची थकबाकी भरली गेली, तर ती कोणी भरली ते पावतीवरून कळायला हवं. यादी गोठवण्याची तारीख घटनेत नसेल तर घाला.

इतिवृत्ताचं: सभेनंतर सात दिवसांत लिहायचं, पुढच्या सभेत वाचून कायम करायचं, अध्यक्षांनी त्याच सभेत सही करायची. वर्षभराची इतिवृत्तं एका बैठकीत, एका पेनाने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेली वही लांबूनही ओळखू येते. व्हॉट्सॲपवर नोटीस टाकली म्हणजे बजावली असं नाही. घटनेत तशी तरतूद असेल तरच. नसेल तर हातपोच सहीची वही, नाहीतर टपालाने.

घटना बदलताना दोन गोष्टी वेगळ्या धरा. नियम बदलायचे तर घटनेत दिलेली पद्धत. उद्देश बदलायचे तर सोसायटी कायद्याचं कलम १२: खास सभेत ३/५ मतं आणि महिनाभराने दुसऱ्या खास सभेत पुन्हा ३/५. साहित्य केंद्राला उद्या डायलिसिस सुरू करायचं असेल तर उद्देशात ते बसतं का, हे आधी बघा.

सातरस्ता

उतारा काढला. अकरापैकी सहा नावं आहेत, म्हणजे अगदीच वाईट नाही. वर्गणी मात्र २३ जणांची थकलेली. बँकेचं कसं करायचं? खातं तिघांच्या नावे आहे, तिघांपैकी कोणाही एकाची सही चालते.

जमाखर्च

कोणाही एकाची सही ही सोय नाही, चोरदरवाजा आहे. माणूस सज्जन असला तरी. तिघांपैकी कोणत्याही दोघांची करा, आणि ते दोघं एका घरातले नकोत. नेट बँकिंगमध्ये एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं अशी व्यवस्था बँक देते, ती मागून घ्या. दोघांचे दोन लॉगिन, पासवर्ड वेगळे. दोन्ही पासवर्ड एकाच डायरीत असतील तर मग एकच सही ठेवा, उगाच नाटक कशाला.

मोबाइल नंबर हा आजचा खरा शिक्का. बँक, आयकर पोर्टल, दर्पण पोर्टल (नीती आयोगाचं, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं), ईमेल, या चारही ठिकाणी कोणता नंबर आहे ते एका कागदावर लिहा. संस्थेच्या नावावर सिम घ्या, हँडसेट कार्यालयातल्या कपाटात. ईमेल संस्थेचा स्वतंत्र हवा आणि त्याचा रिकव्हरी नंबरही त्याच सिमचा. कोणाच्या मुलाने कॉलेजात असताना काढून दिलेला नको. डिजिटल सहीची मुदत दोन-तीन वर्षांची असते. ती नेमकी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संपलेली सापडते.

देणगीचा क्यूआर कोड खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर आज बंद करा, उद्या नाही.

बँक बदल करायला चेंज रिपोर्ट मागेल, निदान दाखल केल्याची पोच तरी. म्हणून आधीची पोस्ट आधी.

ठेवींबद्दल. आपल्याकडे पतसंस्था गल्लोगल्ली, संचालक ओळखीचे, व्याज पाऊण टक्का जास्त. तरी संस्थेची ठेव पतसंस्थेत नको. विश्वस्त कायद्याचं कलम ३५ आणि आयकरातल्या गुंतवणुकीच्या अटी, दोन्हींत ती बसत नाही. शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे हे बिनघोर. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तोही नाही.

आणखी एक, जे बहुतेक प्रामाणिक माणसांच्या हातून घडतं. महिनाअखेर पैसे कमी पडले की कार्यवाह खिशातून भरतात आणि ताळेबंदात "कार्यवाहांकडून हातउसने" अशी ओळ येते. हे कर्जच. कलम ३६अ खाली परवानगी न घेता कर्ज काढलं असा शेरा ऑडिटर देऊ शकतो. द्यायचेच तर देणगी म्हणून द्या, पावती घ्या. खर्च आधी केला असेल तर बिलं लावून त्याच महिन्यात परत घ्या.

कडकभाकरी

तारखांचा एक कागद करून भिंतीवर लावा बुवा. इतकं लक्षात कोणाच्या राहतं?

जमाखर्च

लावाच. फेब्रुवारीअखेर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात. ३१ मार्चला हिशेब बंद, त्या दिवशी हातातली रोख दोघांनी मोजून सही करायची. ३१ मेपर्यंत आयकराकडे देणगीदारांचं विवरण (१९६१ च्या जुन्या कायद्यात फॉर्म १०बीडी). त्यातूनच देणगीदाराला ८०जीचं प्रमाणपत्र निघतं, आणि उशिराला दिवसाला २०० रुपये. सप्टेंबरअखेर ऑडिट पूर्ण आणि ऑनलाइन दाखल. ऑक्टोबरअखेर आयकर विवरण.

पावती पुस्तकात पॅनचा रकाना छापून घ्या. मे महिन्यात देणगीदारांना फोन करकरून पॅन गोळा करणं हा सोलापूरच्या उन्हाळ्यात भोगायचा प्रकार नव्हे. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा. खर्चातही तसंच: एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिली तर ती रक्कम संस्थेच्या कामावर खर्च झाली असं आयकर धरत नाही.

१२ए आणि ८०जी पूर्वी कायम असायचे. आता मुदतीचे आहेत. २०२१ मध्ये पाच वर्षांची नोंदणी मिळालेल्यांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपली आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. पिशवीतला आदेश काढून तारीख आजच बघा. १ एप्रिल २०२५ नंतरच्या अर्जांत, आधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न ५ कोटींच्या आत असलेल्यांना १२एची नोंदणी १० वर्षांची मिळते. ८०जी मात्र पाचच वर्षांचं. दोन्हींच्या तारखा त्यामुळे वेगवेगळ्या होतील आणि तिथेच घोटाळा होईल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असल्याने कलमं आणि फॉर्मचे नंबर सीएंकडून ताडून घ्या.

पूर्वभाग

कागदाचं झालं. आता माणसांचं, कारण नऊ माणसांवर १२० नग चालत नाहीत.

आधी गणित. केंद्र रोज संध्याकाळी दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, प्रत्येक वेळी दोघं: म्हणजे १२ पाळ्या. एका माणसाला आठवड्यात एकच पाळी, ही मर्यादा पाळा. लग्न, आजारपण, पाहुणे धरून १२ पाळ्यांना १६ ते १८ माणसं लागतात. तुमच्याकडे नऊ. म्हणजे आज कोणीतरी आठवड्यातून दोन-तीनदा येतंय, आणि ते येणारे तेच तिघं असणार. ते तिघं दीड वर्षात थांबतील. भांडून नाही, नुसते यायचे कमी होतील.

म्हणून आधी केंद्र चार संध्याकाळी करा. आठ पाळ्या, नऊ माणसं. लोक कुरकुरतील. पण सहा दिवसांची पाटी आणि दोन दिवस कुलूप, यापेक्षा चार दिवसांची पाटी आणि चारही दिवस उघडं बरं. तातडीचं म्हणून एक फोन नंबर, आठवड्याला एकाकडे.

वेळापत्रक तीन आठवड्यांचं करा, महिन्याचं नको. त्यापुढचं कोणाला सांगता येत नाही. सोलापूरचं पंचांग समोर ठेवा. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत नव्या पाळ्या लावू नका. गणपतीत निम्मे मंडळात. नवरात्र संपून कोजागरीला तुळजापूरला चालत जाणारे दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर नाहीत असंच समजा. एप्रिल-मेमध्ये साहित्य घरपोच द्यायचं तर सकाळी दहाच्या आत नाहीतर सहानंतर; दुपारी बाराला फावलर कॉट तिसऱ्या मजल्यावर चढवायला लावली की तो पोरगा पुन्हा दिसत नाही. आणि नळाला पाणी यायचा दिवस प्रत्येक भागाचा वेगळा, तो विचारून पाळी लावा. हे कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात नसतं, पण गैरहजेरीचं ते मोठं कारण आहे.

नवा माणूस आला की सात दिवसांत त्याला हाताला काम द्या. "ग्रुपवर ॲड केलंय, कळवतो" म्हटलं की तो गेला. पहिलं काम छोटं आणि पूर्ण होणारं: परत आलेल्या पाच वॉकरची तपासणी, नाहीतर थकलेल्या दहा वस्तूंचे फोन. तीन वेळा जुन्या माणसासोबत, चौथ्यांदा एकट्याने, जुना नुसता शेजारी बसलेला.

अशोक चौकाकडून येणाऱ्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांत कन्नड. अनामतीच्या अटींचा कागद तिन्ही भाषांत छापा. अट समजली नाही म्हणून होणारी वादावादी पाळीवरच्या माणसाच्या अंगावर येते, कार्यकारिणीच्या नाही.

फावलर

पूर्वभागताई बरोबर बोलल्या. वस्तूंचं मी सांगतो, कारण साहित्य केंद्र बसतं ते बहुधा वस्तूंनी.

अनामत हे उत्पन्न नव्हे. ती परत द्यायची रक्कम, ताळेबंदात देणं म्हणूनच दिसली पाहिजे. १२० पैकी ८० नग बाहेर, सरासरी अनामत १,५०० धरली तर १,२०,००० रुपये लोकांचे तुमच्याकडे आहेत. ते वेगळ्या बचत खात्यात ठेवा. चालू खात्यात मिसळले की वीजबिल त्यातून जातं, नवी कॉट त्यातून येते, आणि एका महिन्यात पंधरा नग परत आले की "उद्या या" सुरू होतं. गावात नाव जायला दोन "उद्या या" पुरतात. परतावा त्याच दिवशी, खात्यावर. महिन्याला एकदा पडताळा: बाहेर असलेल्या नगांची अनामत आणि त्या खात्यातली शिल्लक जुळलीच पाहिजे.

झीज निधी धरा. १२ व्हीलचेअर, प्रत्येकी ७,००० धरू, भाड्यावर फिरणारी पाच वर्षं टिकते असं समजू. ८४,००० भागिले पाच, वर्षाला १६,८००, महिन्याला १,४००. असं प्रत्येक प्रकाराचं काढा. हा आकडा अंदाजपत्रकात नसतो, म्हणून सहाव्या वर्षी एकदम सगळ्या खुर्च्या एकाच वेळी लंगड्या होतात.

तपासणी परत आल्यावर लगेच, पुन्हा देताना नाही. व्हीलचेअर: दोन्ही ब्रेक लावून ढकलून बघा, पुढच्या छोट्या चाकांत केस आणि दोरे अडकलेले काढा. वॉकर: चारही रबरी बूट. एक झिजला तरी चारही बदला, नाहीतर वॉकर डुलतो आणि पेशंट पडतो. फावलर कॉट: दांड्याच्या स्क्रूला तीन महिन्यांनी ग्रीस. कमोड खुर्ची आपल्याकडे बोअरच्या क्षाराने गंजते, पुसून कोरडी करूनच ठेवा. एक टक्का हायपोक्लोराइटने पुसलं तर दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुन्हा पुसा. तसंच ठेवलं तर धातू खातं.

कॉन्सन्ट्रेटर नुसता ठेवला तरी बिघडतो. आतलं झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे खडे) दमटपणा ओढून घेतं. महिन्यातून एकदा दोन-तीन तास चालवा, बाहेरचा धुता येणारा फिल्टर धुवा, ऑक्सिजन ॲनालायझरने शुद्धता मोजा. नव्वद टक्क्यांच्या वर हवी. ८५च्या खाली गेली तर तो नग देऊच नका, दुरुस्तीचं लाल लेबल लावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही आणि सोबत स्टॅबिलायझर द्यायचा.

बिनपगारी

फावलरकाका, एवढं सगळं करायला पगारी माणूस लागेल. आणि पगारी माणूस आला की स्वयंसेवक "त्यालाच सांगा की" म्हणून घरी बसतात. हे चक्र कसं तोडायचं ते सांगा.

पूर्वभाग

कामं वाटली नाहीत की ते चक्र फिरतं. रोज करावंच लागतं आणि ज्याचं कौतुक होत नाही ते पगारी: साफसफाई, तपासणी, फोन, नोंदी. घरी जाऊन पेशंटच्या माणसाला कॉट कशी फिरवायची हे दाखवणं, देणगीदारांना भेटणं, नवीन माणसं तयार करणं हे स्वयंसेवकांचं. अर्धवेळ, दिवसाला चार तास, पगार खात्यावर, नेमणूकपत्र लिहून. कार्यकारिणीतल्या कोणाचा भाचा-पुतण्या नको. असेलच तर त्या सदस्याने चर्चेतून बाहेर बसायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. मंडप, छपाई, दुरुस्ती यांनाही हेच. तीन दरपत्रकं घ्या, नातं असेल तर लिहून ठेवा.

अजून एक गोष्ट राहते. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ विनामूल्य काम करणाऱ्यांनाही लागू आहे. पगारी आणि स्वयंसेवक मिळून दहा किंवा जास्त झाले की अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष स्त्री, एक सदस्य संस्थेबाहेरचा. दहापेक्षा कमी असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तो पत्ता भिंतीवर हवा. घरपोच साहित्य द्यायला मुलीला एकटं पाठवू नका. मुलालाही.

सातरस्ता

केंद्र चार संध्याकाळींवर आणायचं कार्यकारिणीत ठेवतो. दोन प्रश्न. एका कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) रुग्णवाहिका देऊ केली आहे. आणि थांबल्यानंतर कार्यवाहांना काय म्हणून ठेवायचं? त्यांना एकदम बाजूला सारल्यासारखं वाटू नये.

जमाखर्च

रुग्णवाहिका फुकट मिळते, ड्रायव्हर फुकट मिळत नाही. दोन ड्रायव्हर, प्रत्येकी १५,००० धरले तर वर्षाला ३,६०,०००. तुमची जमा साडेसहा लाख. डिझेल, विमा, फिटनेस, टायर अजून धरलेच नाहीत. नारळ फोडल्याच्या फोटोत सगळे असतात, चौथ्या वर्षी गाडी आवारात उभी आणि तिच्यावर वेल चढलेला.

कंपनीला उलट प्रस्ताव द्या: तेवढ्याच रकमेत २० फावलर कॉट, तीन वर्षांचा अर्धवेळ पगार, आणि झीज निधी. गाडीच द्यायची असेल तर तीन वर्षांच्या चालवण्याच्या खर्चासह. १२ए-८०जी आहेच, सीएसआर-१ नोंदणी नसेल तर करून घ्या, १ एप्रिल २०२१ पासून ती लागते.

शिल्लक टाकायला घाबरू नका. जमेच्या १५ टक्के बाजूला ठेवायला आयकर आडवा येत नाही. त्याहून जास्त साठवायचं तर कारण ठरवून फॉर्म भरावा लागतो (जुन्या कायद्यात फॉर्म १०), मुदत पाच वर्षं. सहा महिन्यांचा ठरलेला खर्च (भाडं, वीज, पगार) हातात असेपर्यंत नवं काम अंगावर घेऊ नका.

रजिस्टर

दुसऱ्या प्रश्नाला. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच, जड काठी) एकाच मानकऱ्याने अख्खा मार्ग पेलला असं होत नाही. पेलणारे बदलत राहतात, आणि त्याचा सराव यात्रेच्या कितीतरी दिवस आधी सुरू होतो. तुमच्याकडे मार्चपर्यंतचा वेळ आहे. आत्ताच सहकार्यवाह नेमा. पहिले दोन महिने कार्यवाहांनी करायचं, त्याने बघायचं. पुढचे दोन त्याने करायचं, त्यांनी बघायचं. शेवटचे दोन त्याने एकट्याने, फक्त अडला तर फोन.

मार्चनंतर कार्यवाहांना सल्लागार करा, पण ठरावात लिहून: सही नाही, किल्ली नाही, मत नाही. कामं तीनच. जुन्या देणगीदारांशी नव्या माणसाची ओळख करून देणं, संस्थेच्या जागेचा आणि मोठ्या वस्तूंचा इतिहास सांगून लिहवून घेणं, वर्षातून एकदा हिशेब बाहेरच्या नजरेने बघणं. नोंदणीचा पत्ता त्यांच्या घरचा असेल तर तोही बदला, त्यालाही चेंज रिपोर्ट.

सगळ्याच पदांना तीन-तीन वर्षांच्या सलग दोन पाळ्यांची मर्यादा घाला. दरवर्षी एक तृतीयांश जागा बदलतील असं बसवा, म्हणजे अख्खी कार्यकारिणी एकाच दिवशी नवखी नसते. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ चा. सुरू करणारे जाऊन शतक उलटलं, आश्रम आहे.

कडकभाकरी

दोन पाळ्यांची मर्यादा गावात चालत नाही हो. सहा वर्षांनी माणूस कुठून आणायचा? आहे त्यालाच हात जोडावे लागतात. नाहीतर बंद करा म्हणावं.

रजिस्टर

माणूस मिळत नाही ही तक्रार सहाव्या वर्षी केली तर मिळत नाहीच. चौथ्या वर्षी सहकार्यवाह नेमला तर मिळतो. तरीही नाही मिळाला तर बंद करणं हाही रीतसर मार्ग आहे, त्यात लाज नाही. तीन पंचमांश सभासदांचा ठराव, देणी फेडायची, अनामती परत, आणि उरलेलं सभासदांत वाटायचं नाही. तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला द्यायचं. पण आधी वकील आणि सीए, कारण मालमत्ता चुकीच्या हाती गेली तर कर बसतो. नुसतं कुलूप लावून सोडणं सगळ्यात वाईट: नोंदणी जिवंत, हिशेब मेलेले, आणि विश्वस्तांच्या नावाने नोटिसा.

सातरस्ता

आभार सगळ्यांचे. रविवारी पिशवी उलटी करतोय, चहा आणि शेंगापोळी ठेवली आहे म्हणजे कार्यवाहही खुशीने बसतील. शेवटचं एक. कपाटाच्या किल्ल्या किती करायच्या? आणि शिक्के?

जमाखर्च

शिक्का एकच, कपाटात. बाहेर नेला तर वहीत तारीख, कशासाठी, परत कधी.

किल्ल्या तीन. एक कार्यवाहांकडे, एक खजिनदारांकडे. तिसरी पाकिटात बंद करून, पाकिटावर दोघांच्या सह्या घेऊन, कार्यकारिणीतल्या तिसऱ्या माणसाकडे. बँकेच्या लॉकरात ठेवू नका. लॉकरची किल्ली परत कोणाच्या तरी पिशवीतच जाते.